थंडीतला खानदेश आणि वाट राखणारी माणसे

महाराष्ट्रात डोंगरभटकंतीचा हंगाम म्हटला की बहुतेकांना पावसाळा आठवतो. पहिल्या सरी कोसळल्या की पुण्या-मुंबईची तरुण मंडळी सह्याद्रीत शिरतात आणि सप्टेंबरपर्यंत गडवाटांवर गर्दी असते. खानदेशात हे वेळापत्रक चालत नाही. पावसात इथली काळी माती पाय धरून ठेवते, शिवाररस्ते बैलगाडीलाही जुमानत नाहीत. होळी उलटली की ऊन असे चढते की मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. रानात हिंडायला उरतात ते कार्तिक ते माघ असे चार महिने. तेव्हा उत्तरेकडून येणारा गार वारा तापीच्या खोऱ्यात उतरतो, काही पहाटे किमान तापमान एक आकडी होते आणि शेकोटीभोवती उठलेल्या गप्पांतूनच उद्या कुठे जायचे ते ठरते. अशाच थंडीत एरंडोलहून निघून चाळीसगावचे डोंगर, तिथून हतनूरचा जलाशय आणि शेवटी सातपुड्याच्या पायथ्याने शहाद्यापर्यंत असा मोठा वळसा घातला, तेव्हा एक गोष्ट पुनःपुन्हा समोर आली. या भागात पर्यटनखात्याच्या सोयी विरळ आहेत, मार्गदर्शक पाट्या त्याहून विरळ. तरीही इथली हिवाळी भटकंती जिवंत आहे, कारण दरवर्षी त्याच डोंगरावर, त्याच पाणवठ्यावर परत येणारी, पगार न घेणारी काही माणसे आहेत. त्यांच्या श्रमांचे कौतुक होते. माझ्या मते त्यांचे खरे मोल श्रमांपेक्षा त्या परत येण्यात आणि परत आल्यावर ठेवलेल्या नोंदीत आहे. वाटेत जे पाहायला मिळाले, त्याच्या आधाराने हेच मांडायचे आहे.

एरंडोल अंजनी नदीकाठचे जुने गाव. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, अशी इथली श्रद्धा आहे आणि गावातला पांडववाडा ती श्रद्धा जागी ठेवतो. एकेकाळी हे गाव हातकागदासाठी नावाजलेले होते. जाडाभरडा देशी कागद इथे तयार होई आणि कापूस, नीळ, धान्य यांच्या व्यापाराबरोबर बाहेर जाई. आज महामार्गावरून जाणाऱ्याला त्याचा मागमूस लागत नाही. गावाबाहेर पडून पद्मालयाच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी, शेंगा धरलेली तूर आणि पोटरीत येऊ घातलेली दादर ज्वारी दिसते. हळूहळू शेते मागे पडतात आणि टेकडीवरचे रान सुरू होते. पद्मालयाचा गणपती अडीच पीठांपैकी अर्धे पीठ मानला जातो. एकाच गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत, समोर कमळांचे तळे आहे आणि जवळच भीमकुंड आहे. भीमाने बकासुराला मारले ती जागा हीच, असे सांगतात. चतुर्थीला इथे दर्शनाला येणारे बरेच जण पुढे रानात फेरी मारतात, डबे सोडतात आणि संध्याकाळी परततात. खानदेशातली रानातली सहल अनेकदा अशी देवाच्या निमित्ताने सुरू होते. सातपुड्यातली मनुदेवी, अडावदजवळचा गरम झऱ्यांचा उनपदेव, पाटणची चंडिका यांच्या वाटाही भाविकांनीच रुळवल्या आहेत. यात्रेत पाणी देणारा, रांग लावणारा, उरलेल्या पत्रावळी गोळा करणारा गावातला पोरगा हाच इथला पहिला स्वयंसेवक, आणि पुढे डोंगरावर घमेले उचलणाऱ्या मंडळांची माणसेही याच संस्कारातून आलेली आहेत.

हिवाळ्याचा दुसरा सोहळा शेतात होतो. बामणोद परिसरातल्या पांढरट-हिरव्या, हातभर लांबीच्या वांग्याला 2016 साली जळगाव भरीत वांगी म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. ही वांगी काड्यांच्या जाळावर थेट भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, त्यात हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा घालायचा आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. भरीत पार्टी हा या प्रदेशाचा हिवाळी खेळच म्हणायला हरकत नाही. कोणी आमंत्रणपत्रिका काढत नाही, पण थंडी पडली की शिवारात जाळ दिसू लागतात. हे सांगायचे कारण इतकेच की रानात जाणे ही इथे शहरातून आलेली हौस नाही. वेगळेपण सुरू होते ते शेताचा बांध ओलांडून डोंगराला हात घातल्यावर. तिथे वाट माहीत असावी लागते, पाणी कुठे आहे हे ठाऊक असावे लागते आणि अडचण आली तर हाक कोणाला मारायची हेही.

चाळीसगावकडे जाताना गिरणेचे खोरे ओलांडावे लागते आणि दक्षिणेला अजिंठा-सातमाळ रांगेची निळी भिंत दिसू लागते. या भिंतीतून मराठवाड्यात चढणाऱ्या कन्नडच्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. ज्या जेम्स औट्रमच्या नावावरून हे नाव पडले, त्याने 1825 मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे एरंडोलशेजारच्या धरणगावात होते. या डोंगरांतल्या वाटा ज्यांना खऱ्या अर्थाने माहीत होत्या, त्या भिल्लांना हाताशी धरल्याशिवाय इंग्रजांना खानदेशात स्थिर होता आले नाही. घाट औट्रमच्या नावाने ओळखला जातो, वाटा दाखवणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. डोंगराची माहिती कोणाकडे असते आणि ती कोणाच्या नावावर चढते, हा प्रश्न या प्रवासात शेवटपर्यंत सोबत राहिला.

पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. हे अभयारण्य 1986 साली जाहीर झाले. जुने हेमाडपंती देऊळ, डोंगरी नदी, धवलतीर्थ आणि केदारकुंड हे धबधबे, वर कण्हेरगड आणि त्याच्या अंगावर नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी अशी लेणी. पलीकडच्या दरीत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढला होता. ते आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या मठाची माहिती देणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भाऊ दाजी पेशाने डॉक्टर. पुरातत्त्व हे त्यांचे नोकरीतले काम नव्हते. पाटणला आलेल्या कोणालाही भास्कराचार्यांचा उल्लेख ऐकायला मिळतो, पण तो उल्लेख टिकला तो एका हौशी माणसाने दगडावरची अक्षरे नीट उतरवून घेतल्यामुळे, हे सहसा सांगितले जात नाही.

औट्रम घाटाच्या तोंडाशी मल्हारगड आहे. पुणे जिल्ह्यातला सोनोरीचा मल्हारगड सगळ्यांना माहीत, हा चाळीसगावचा मल्हारगड फारच थोड्यांना. सह्याद्री प्रतिष्ठानच्या चाळीसगावच्या दुर्गसेवकांनी इथे श्रमदानाच्या मोहिमा काढल्या आहेत. पावसाळ्यानंतर अशा डोंगरावर काय होते हे एकदा पाहायला हवे. माचीवर कमरेइतके कुसळी गवत माजते, पायवाट त्यात बुडते आणि ढोरवाटा मात्र ठळक राहतात. नवखा माणूस ढोरवाटेने जातो आणि घसाऱ्यावर किंवा कड्याच्या तोंडाशी येऊन थांबतो. म्हणून पहिले काम गवत कापून मूळ वाट मोकळी करण्याचे. दुसरे काम पाण्याच्या टाक्याचे. कातळात खोदलेली टाकी शतकानुशतकांच्या गाळाने भरलेली असतात. आधी वरचे हिरवे पाणी उपसायचे, मग कुजलेला पालापाचोळा काढायचा, त्याखालचा घट्ट काळा गाळ पहारीने सैल करायचा आणि माणसांची साखळी करून घमेली हातोहात बाहेर द्यायची. गाळ कुठे टाकायचा यालाही महत्त्व आहे. तटाच्या आतल्या बाजूला ढीग केला तर पुढच्या पावसात तो पुन्हा टाक्यात येतो आणि तटावर दाबही देतो. तळाशी पोचल्यावर गाळात खापरांचे तुकडे, कधी एखादा दगडी गोळा निघतो. तो उचलून घरी न्यायचा नाही, जागा लिहून ठेवायची. एवढे झाले की पुढच्या हिवाळ्यात त्या टाक्यात पौषापर्यंत पाणी राहते की मार्गशीर्षातच आटते, हे येऊन पाहावे लागते. गडावर मुक्कामाचा बेत आखणाऱ्याला हीच माहिती लागते आणि ती कोणत्याही छापील पुस्तकात नसते. डोंबिवलीच्या ट्रेकक्षितिज संस्थेसारख्या मंडळींनी राज्यभरातल्या अनवट किल्ल्यांची माहिती, पाण्याची आणि मुक्कामाची सोय, वर्षानुवर्षे जमवली, म्हणून अंतूर, सुतोंडा, पेडका, राजदेहेर, लोंझा अशी या रांगेतली नावे जिल्ह्याबाहेरच्या लोकांच्या तोंडी आली.

या कामावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकता येणार नाही. उत्साही मंडळे वारशाचे नुकसान करतात, असे अभ्यासक म्हणतात. पडक्या तटाला सिमेंट लावणे, कोरीव खांबाला तैलरंग फासणे, कातळावर रंगाने बाण काढणे, ढासळलेले दगड अंदाजाने रचून नवाच बुरूज उभा करणे, हे प्रकार महाराष्ट्रात घडलेले आहेत. सिमेंट चुन्यापेक्षा कडक असते. त्यातून ओल बाहेर पडत नाही आणि जुना दगडच फुटू लागतो. आक्षेप खरा आहे, पण तो कोणत्या कामाला लागू पडतो ते पाहिले पाहिजे. गवत कापणे, गाळ काढणे, कचरा खाली आणणे, वाट दाखवणारी पाटी जमिनीत रोवणे यांत मूळ वास्तूला हात लागत नाही. बांधकामाला हात लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि जाणकाराची देखरेख हवीच, याला पर्याय नाही. इथे परत येण्याचे महत्त्व अधिक कळते. एका रविवारी फुलांच्या माळा आणि ढोलताशे घेऊन येणारे मंडळ बुरूज रंगवून जाईल. दरवर्षी येणाऱ्याला मात्र आपल्याच मागच्या चुका दिसतात, सिमेंटच्या कडेने गेलेली चीर दिसते आणि हात आवरतो. शिवाय सगळ्याच गडांकडे सरकारचे लक्ष जाईल, हे शक्य नाही. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत अकरा महाराष्ट्रातले. जळगाव-धुळे जिल्ह्यांतला एकही नाही, सर्वांत जवळचा म्हणजे बागलाणातला साल्हेर. उरलेल्या शेकडो गडांवर पुढची कित्येक वर्षे कोण जाणार, या प्रश्नाचे आजचे उत्तर स्वयंसेवक हेच आहे.

हिवाळ्यात रानात हिंडणाऱ्यांची सोय स्वयंसेवकांनी पाहायची ही रीत जगात इतरत्रही आहे. नॉर्वेत 1868 साली स्थापन झालेली गिरिभ्रमण संघटना डोंगरात शेकडो निवारे चालवते. बर्फ पडला की तिथे वाट पुसली जाते, म्हणून संघटनेची माणसे हिवाळी वाटांवर बर्चच्या काटक्या ओळीने रोवत जातात. धुक्यात एका काटकीपासून दुसरी दिसली की माणूस निवाऱ्यापर्यंत पोचतो. बर्फाचे नि खानदेशाचे नाते नाही, पण गवतात बुडालेली वाट मोकळी करणे आणि बर्फावर काटक्या रोवणे ही कामे जातीने एकच आहेत. दोन्ही दर हंगामात नव्याने करावी लागतात. फरक आहे तो पाठबळाचा. तिथे सभासदांची वर्गणी, सरकारी अनुदान आणि दीड शतकाची परंपरा आहे. आपल्याकडे घमेली आणि फावडीही पदरमोड करून आणली जातात.

अपघाताच्या वेळी ही उणीव फार जाणवते. हिवाळ्यातले धोके पावसाळ्यासारखे दिसत नाहीत, म्हणून माणूस गाफील राहतो. वाळलेल्या गवतावरून बूट सरकतो, मुरमाड उतारावर तोल जातो, कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असते आणि धुराने, सुगंधी तेलाने किंवा आरडाओरड्याने ते उठले तर पळायला जागा नसते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे, ही खानदेशासाठी मोठीच गोष्ट. पण धुळ्याहून निघालेले पथक गौताळ्याच्या एखाद्या दरीत पोचेपर्यंत पहिले काही तास गेलेले असतात आणि ते तास गावकऱ्यांचे आणि जवळच्या गिरिप्रेमी मंडळांचेच असतात. पश्चिम महाराष्ट्रात लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांनी दोर, स्ट्रेचर आणि सराव यांच्या बळावर बचावकार्याची पद्धत बसवली आहे आणि राज्यभरातल्या गिर्यारोहक संस्थांचा समन्वयही उभा राहिला आहे. खानदेशात असे प्रशिक्षित हात अजून कमी आहेत. हे सगळे सरकारनेच करायला हवे, स्वयंसेवक पुढे आले की सरकार अंग काढून घेते, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि 2021 साली राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणून संस्थांची नोंदणी, प्रशिक्षण, सुरक्षा यांची जबाबदारी काही प्रमाणात स्वीकारलीही आहे. पण धोरण कितीही चांगले असले तरी कोणत्या कपारीत यंदा मोहोळ बसले आहे, हे मंत्रालयातून सांगता येणार नाही. ते मागच्या आठवड्यात वर जाऊन आलेला माणूसच सांगू शकतो. सरकारने विमा, साहित्य आणि प्रशिक्षण द्यावे, आणि डोंगराची ताजी खबर ठेवण्याचे काम तिथल्या मंडळांकडे राहू द्यावे, ही वाटणी मला व्यवहार्य वाटते.

चाळीसगावहून जळगाव, भुसावळ ओलांडून पूर्वेला गेले की भूप्रदेश पालटतो. डोंगर दूर जातात, केळीच्या बागांच्या हिरव्या भिंती रस्त्याला येऊन भिडतात आणि तापीचे रुंद पात्र दिसते. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. त्याच्या खाली 41 दरवाजांचे हतनूर धरण, 1982 मध्ये पूर्ण झालेले. दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र, भुसावळची रेल्वे, आयुध निर्माण्या, अनेक गावे या पाण्यावर अवलंबून आहेत. धरणाला गाळाची व्याधी आहे. दोन मोठ्या नद्या आणलेली माती इथे टाकतात आणि काठाकाठाने उथळ, चिखलाळ पट्टे तयार होतात. पाटबंधारे खात्याला नकोसा असलेला हा गाळ थंडीत पाहुण्या पक्ष्यांना हवाहवासा वाटतो. लडाख-तिबेटकडून चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, उत्तर आशियातून थापट्या आणि तलवार बदके येतात. चिखलात तुतवार आणि धोबी पळत असतात. हा प्रवास करताना सर्वांत अनपेक्षित काही दिसले असेल तर ते हे. उष्णतेच्या लाटेच्या बातम्यांत दरवर्षी झळकणाऱ्या भुसावळपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, हिमालयापलीकडची पाखरे तीन-चार महिने सुखाने राहतात.

ही गोष्ट जिल्ह्याला कळली ती वरणगावच्या चातक निसर्ग संवर्धन संस्थेमुळे. ही मंडळी वर्षानुवर्षे हतनूरवर पक्षी मोजत आली आहेत. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून चालते. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशियाभर एकाच सुमारास पाणथळींवर मोजणी होते आणि ती बहुतांशी स्वयंसेवकांच्या खांद्यावर असते. मोजायचे कसे, हे सांगितल्याशिवाय त्या कामाचा अंदाज येत नाही. पहाटे धुके उठण्याच्या आत काठावर जायचे, सूर्य पाठीशी घ्यायचा. एकाने दुर्बिणीला डोळा लावायचा, दुसऱ्याने लिहायचे. हजारभर बदकांचा थवा एकेक करून मोजता येत नाही, म्हणून आधी दहा पक्षी मोजायचे, दहांनी पाण्यावर किती जागा व्यापली ते नजरेत ठेवायचे आणि त्या मापाने थव्याचे तुकडे पाडत जायचे. मध्येच एखादा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून घिरटी घालतो, सारा थवा उठतो आणि सगळे पहिल्यापासून. जातीवार आकडा, पाण्याची पातळी, मासेमारीच्या होड्या, काठावरची शेती, सगळे तक्त्यात भरायचे. हाच तक्ता पुढच्या जानेवारीत मागच्या तक्त्याशेजारी ठेवला की मग त्याला बोलता येते. महाराष्ट्र शासनाने 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना आहेत. त्यामुळे शाळकरी मुले काठावर येऊ लागली. मुलांसाठी दुर्बिणी मिळवणे, गोंगाट न करता कुठे उभे राहायचे ते दाखवणे, हे कामही याच मंडळींनी अंगावर घेतले आहे.

यावर दोन शंका येतात. एक, हौशी लोकांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? दुसरी अधिक टोचणारी: जिथे कापसाला भाव नाही आणि उन्हाळ्यात टँकर लागतात, तिथे पक्षी मोजणे आणि गड चढणे हे रिकामपणाचे चोचले नाहीत का? पहिलीचे उत्तर पद्धतीत आहे. अंदाजात चूक असतेच, पण तीच माणसे त्याच जागेवरून त्याच रीतीने मोजत असतील तर चूक दरवर्षी साधारण सारखी राहते आणि चढउतार खरा दिसतो. दुसरी शंका मला अर्धीच पटते. हौस ही हौसच आहे, तिला समाजकार्याचा मुलामा देण्याची गरज नाही. पण ज्या पाण्यावर बदके उतरतात, तेच पाणी नळाला येते आणि केळीलाही मिळते. काठावर कीटकनाशकांचे डबे धुतले जात आहेत, चिखलपट्टा दरवर्षी पुढे सरकतो आहे, हे सर्वांत आधी दिसते ते महिन्यातून दोनदा काठावर उभे राहणाऱ्याला. हे निरीक्षण शेतकऱ्याच्या हिताच्या आड येत नाही, ते त्याच्याही उपयोगी पडते.

हतनूरवरून उत्तरेकडे वळले की बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता लागतो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा अशी गावे त्याने माळेत ओवल्यासारखी एका रांगेत आणली आहेत. उजव्या हाताला सातपुडा सतत सोबत असतो. फैजपूरला थांबायलाच हवे. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन याच गावात भरले, तेही कडाक्याच्या थंडीत, आणि आसपासच्या गावांतल्या हजारो हातांनी ते उभे केले. एवढ्या मोठ्या कामाला माणसे स्वतःहून उभी राहतात, हा या पट्ट्याचा अनुभव आहे. पुढे पाल आणि यावल अभयारण्याचे रान लागते. 1969 साली जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे 177 चौरस किलोमीटरचे आहे. माघ लागला की साग पाने गाळतो, गवत वाळून कोळ होते आणि वणव्याची भीती सुरू होते. वनखाते जाळरेषा काढते. जळगावची वन्यजीव संरक्षण संस्था आणि तिच्यासारखी मंडळे या जंगलात वनखात्याच्या बरोबरीने काम करत आली आहेत. हिवाळी भटक्यांसाठी इथे एकच नियम आग्रहाने सांगावासा वाटतो. शेतातल्या भरीत पार्टीचा जाळ रानात आणू नये. शिवारातली शेकोटी मातीने विझते, सागाच्या पाचोळ्यातली ठिणगी टेकडी पार करून जाते.

शहाद्यात या प्रवासातला सर्वांत बळकट पुरावा हाती लागतो. रानपिंगळा हे छोटे घुबड. ॲलन ह्यूमने 1873 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 1880 नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, शहादा-तळोदा भागात त्याचे नमुने गोळा केले. डेव्हिडसनचे काम महसुलाचे, पाखरे ही त्याची आवड. 1882 मध्ये त्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. 1884 नंतर रानपिंगळा कोणालाच दिसला नाही. कर्नल रिचर्ड माइनर्टझहेगन या नामवंत संग्राहकाने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ नमुना मिळाल्याचे नोंदवले होते. त्या नोंदीमुळे शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले तेव्हा उघड झाले की कर्नलने डेव्हिडसनचाच एक नमुना चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. खोटी नोंद बाजूला काढल्यावर खऱ्या जागा उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी शोध घेतला, तिथे काही मिळाले नाही आणि 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, उघड्या झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. मध्ये 113 वर्षे गेली होती. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट इथेही तो सापडला. हौशी माणसाची प्रामाणिक नोंद शंभर वर्षांनी उपयोगी पडते आणि नावाजलेल्या माणसाची खोटी नोंद अनेक पिढ्यांना चुकीच्या रानात फिरवते, याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

तरीही इथे एक आक्षेप उरतो आणि माझ्या मते तो सर्वांत वजनदार आहे. रानपिंगळा हरवला होता तो कोणाच्या लेखी? हे घुबड दिवसाढवळ्या वावरते. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांभोवतीच्या झाडांवर ते बसत असेल, तर तिथल्या माणसांनी त्याला 113 वर्षे पाहिले नसेल, हे संभवत नाही. त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांच्या माहितीची वही झाली नाही, इतकेच. औट्रम घाटाच्या नावात जे घडले तेच इथेही घडले. शहरातली मंडळे हिवाळ्यात दोन दिवस येतात, आनंद घेतात, नोंदी घेऊन जातात आणि वाट दाखवणाऱ्याच्या हातावर दोनशे रुपये ठेवतात, हे चित्र समाधानाचे नाही. यावर स्वयंसेवकांनी येणे थांबवावे, हा उपाय होऊ शकत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ज्या मंडळाला एखाद्या रानात दरवर्षी जायचे आहे, त्याने आधी तिथल्या ग्रामसभेत बसावे, गावातल्या दोन-चार पोरांना दुर्बीण आणि वही द्यावी, मोजणीच्या दिवसांची मजुरी द्यावी आणि नोंदींची एक प्रत गावच्या शाळेत ठेवावी. रानपिंगळा घरटे करतो ते जुन्या झाडांच्या ढोलीत. कोणत्या पाड्यालगतची कोणती झाडे तेवढी जुनी आहेत आणि त्यांतली कोणती यंदा सरपणाला किंवा शेतीसाठी तुटणार आहेत, हे डिसेंबरात दोन दिवस येणाऱ्याला कळत नाही. पाड्यावरची वहीच ते वेळेत सांगू शकेल.